गावाला आरोग्य शिकवणाऱ्या तुकडोजी महाराजांना कॅन्सर झाला, तेव्हा काय घडलं?

कोजागरी झाली की पाचव्या दिवशी, म्हणजे आश्विन वद्य पंचमीला, अमरावती जिल्ह्यातल्या मोझरी गावात लाखो माणसं जमतात. कुणी पायी पालखीसोबत येतं, कुणी एसटीनं, कुणी ट्रॅक्टरवर. डोक्यावर भगवी टोपी, हातात खंजिरी. दिवसभर भजनं चालतात, जेवणाच्या पंगती उठतात, बाजार भरतो. आणि दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबतं. खंजिरी थांबते, लाऊडस्पीकर थांबतो, लाखोंची गर्दी जागच्या जागी उभी राहते. ज्यांना मोझरीला येता आलं नाही ते आपापल्या गावात त्याच मिनिटाला मौन पाळतात.

ही वेळ आहे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी शेवटचा श्वास घेतल्याची. तारीख होती ११ ऑक्टोबर १९६८. वय अवघं ५९. आजार होता कॅन्सर.

तुकडोजी महाराजांची भजनं विदर्भात पाठ नसलेला माणूस सापडणं अवघड. ग्रामगीता घराघरात आहे, नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. संतांच्या बाबतीत आपल्याकडे समाधी म्हणतात, महानिर्वाण म्हणतात, आजाराचं नाव सहसा कुणी घेत नाही. कॅन्सरचं तर नाहीच.

आणि नेमकी हीच गोष्ट आज बोलण्यासारखी आहे. कारण गावातल्या माणसाला कॅन्सर झाला की पुढं काय होतं, कोण ठरवतं, कधी ठरवतं, हा प्रश्न १९६८ मध्ये होता तसा आजही आहे.

यावलीचा माणिक

३० एप्रिल १९०९ ला अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. वडील बंडोजी शिवणकाम करायचे, आईचं नाव मंजुळाबाई. घरची परिस्थिती इतकी बेताची की दोन वेळच्या जेवणाची खात्री नसायची. शाळा तिसरी-चौथीच्या पलीकडं गेली नाही.

पोराला नाद होता भजनाचा. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडं त्याचा ओढा होता आणि त्यांनाच त्यानं गुरू मानलं. लोकांनी दिलेल्या भाकरीच्या तुकड्यावर जगणारा म्हणून तुकड्या हे नाव पडलं, ते याच काळात. पुढं त्याचं तुकडोजी झालं, तरी स्वतःच्या भजनांत ते शेवटपर्यंत तुकड्यादास अशीच सही करत राहिले.

गुरूंच्या निधनानंतर हा मुलगा रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा जंगलांतून हिंडला. या भटकंतीत त्यानं वऱ्हाडातली आणि झाडीपट्टीतली खेडी जवळून पाहिली. पावसाळ्यात पटकी यायची आणि घरंच्या घरं रिकामी व्हायची. देवीची साथ आली की बाहेर गाऱ्हाणी घातली जायची. विहिरीच्या काठावरच गुरं धुतली जायची आणि त्याच विहिरीचं पाणी प्यायलं जायचं. आजारी माणसाला आधी मांत्रिकाकडं न्यायचं, मग देवाला कौल लावायचा, मग नवस बोलायचा, आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर बैलगाडीत घालून तालुक्याला न्यायचं. तोपर्यंत बहुतेकदा वेळ निघून गेलेली असायची.

हे सगळं पाहिलेला माणूस पुढं आरोग्यावर का बोलत राहिला, हे यातून लक्षात येतं.

खंजिरी आणि खराटा

१९३५ मध्ये सालबर्डीला त्यांनी मोठा यज्ञ केला. लाखोंची गर्दी झाली. तुकडोजींचं नाव त्यानंतर मध्य प्रांतभर झालं. त्याच सुमारास मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहायला लागला. १९३६ मध्ये महात्मा गांधींनी त्यांना सेवाग्रामला बोलावलं आणि ते तिथं महिनाभर राहिले. सफाई, सूतकताई, सामुदायिक प्रार्थना, हे सगळं त्यांनी तिथं जवळून पाहिलं.

१९४२ च्या आंदोलनात चिमूर, आष्टी, यावली, बेनोडा ही विदर्भातली गावं पेटली. या भागातल्या लोकांवर तुकडोजींच्या भजनांचा प्रभाव होता, हे इंग्रज सरकारच्या लक्षात आलं. २८ ऑगस्ट १९४२ ला चंद्रपुरात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं, डिसेंबरमध्ये सुटका झाली.

बाहेर आल्यावर त्यांनी श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या कामाला अखिल भारतीय रूप दिलं. गावोगावी शाखा निघाल्या. या शाखांचा दिवस सुरू व्हायचा रामधुनीनं. पहाटे उठायचं, भजन म्हणत गावातून फेरी काढायची आणि फेरी काढता काढता रस्ते झाडायचे, नाल्या साफ करायच्या. संध्याकाळी सगळ्या जातीधर्माच्या लोकांनी एकत्र बसून प्रार्थना करायची. समोर कुठल्याही एका देवाची मूर्ती ठेवायची नाही.

त्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन हेच काम करत होते. बाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी. तुकडोजींच्या हातात खराट्याच्या जोडीला खंजिरी होती, एवढाच काय तो फरक.

ग्रामगीतेत आरोग्याचा अध्याय का आला?

१९५५ मध्ये ग्रामगीता प्रसिद्ध झाली. ४१ अध्याय, ४६७५ ओव्या. हा ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेला अर्पण केला आणि इथं ग्रामदेवता म्हणजे सबंध गाव.

धार्मिक ग्रंथ म्हटला की मोक्ष, भक्ती, वैराग्य असे विषय डोळ्यासमोर येतात. ग्रामगीतेत तेही आहेत. पण त्यासोबत ग्रामशुद्धी, ग्रामनिर्माण, गोवंश सुधार, श्रम, महिलांची उन्नती असे अध्यायही आहेत. चौदावा अध्याय आहे ग्राम-आरोग्य. स्वच्छ पाणी, मोकळी हवा, साधं पण सकस अन्न, व्यायाम, वेळेवर झोप, व्यसनापासून लांब राहणं, हा या अध्यायाचा गाभा. रोग झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊ नये म्हणून सगळ्या गावानं मिळून काम करावं, असा त्यांचा आग्रह होता. एकट्यानं घर स्वच्छ ठेवून भागत नाही, शेजाऱ्याची नाली तुंबली की डास सगळ्यांच्याच घरात येतात, हे त्यांना गावानं शिकवलं होतं.

आज ज्याला आपण हेल्थ लिटरसी म्हणजे आरोग्यसाक्षरता म्हणतो, ती हीच. आपल्या शरीरात काय चाललंय ते कळणं, कुणाला विचारायचं ते माहीत असणं, आणि त्यावरून वेळेत निर्णय घेता येणं. लिहिता-वाचता येण्याशी तिचा संबंध आहे, पण तेवढाच नाही. तिसरी शिकलेला माणूस आरोग्यसाक्षर असू शकतो आणि पदवीधर माणूस गाठ दिसली तरी सहा महिने ती कपड्याखाली झाकून ठेवू शकतो.

आरोग्याच्या दृष्टीनं ग्रामगीतेतले आणखी तीन विषय महत्त्वाचे आहेत.

पहिला प्रारब्धवादाचा. नशिबात होतं तेच होणार असं म्हणून हातावर हात ठेवून बसण्याची सवय तुकडोजींना मान्य नव्हती. प्रारब्धावरच्या अध्यायाला लागूनच त्यांनी प्रयत्नाचा अध्याय घेतला.

दुसरा संतांच्या चमत्कारांचा. चमत्कार दाखवतो तो मोठा संत, ही समजूत त्यांनी खोडून काढली. स्वतः संत म्हणून पुजले जात असताना त्यांनी हे लिहिलं, हे विशेष.

तिसरा अंत्यसंस्काराचा. माणूस गेल्यावर होणारा खर्च, जेवणावळी, त्यासाठी काढलेलं कर्ज, यावर त्यांनी टीका केली. सगळ्यांचा अंत्यसंस्कार साधा आणि सारखा व्हावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मरणाबद्दल गावानं उघडपणे बोलावं, आधीच काही ठरवून ठेवावं, ही कल्पना त्या काळात नवीनच होती.

व्यसनांबद्दल तर ते सतत बोलत. दारू, गांजा, तंबाखू यांच्याविरुद्ध त्यांची भजनं गावोगावी म्हटली जात. विदर्भात आज तोंडाच्या कॅन्सरचं प्रमाण किती मोठं आहे आणि पानटपरीवर प्लास्टिकच्या तुकड्यात घासून मिळणारा खर्रा शाळकरी पोरांच्या खिशात कसा पोचलाय, हे पाहिलं की त्या भजनांचं महत्त्व कळतं.

मोझरीपासून जपानपर्यंत

१९५५ मध्ये जपानला झालेल्या जागतिक परिषदेत त्यांनी खंजिरी वाजवून भजन म्हटलं. १९५६ मध्ये भारत साधू समाज स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष तुकडोजी महाराज होते. देशाचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं आणि तेच नाव कायमचं जोडलं गेलं. विनोबांच्या भूदान चळवळीसाठी ते फिरले. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात ते जवानांचं मनोबल वाढवायला सीमेवर गेले.

वर्षातले बहुतेक दिवस प्रवासात जायचे. मराठी आणि हिंदी मिळून तीन हजारांच्या वर भजनं झाली. गुरुकुंजात शाळा, दवाखाना, छापखाना, शेती अशी कामं चालू होती.

आणि मग १९६८ साल आलं.

कॅन्सर म्हणजे काय, हेच तेव्हा गावाला माहीत नव्हतं

महाराजांना कॅन्सर असल्याचं निदान झालं.

हे साल नीट समजून घ्यायला हवं. मुंबईचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं, पण विदर्भातल्या खेड्यातल्या माणसासाठी मुंबई म्हणजे परदेशच. नागपुरात खास कॅन्सरचं असं हॉस्पिटल तेव्हा नव्हतं. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे दोनच मुख्य उपाय. केमोथेरपीची औषधं नुकती कुठं येऊ लागलेली. सीटी स्कॅन नावाचं यंत्र जगात कुठल्याच हॉस्पिटलमध्ये आलेलं नव्हतं. बहुतेक कॅन्सर पसरल्यावरच कळायचे.

खेड्यात तर या रोगाला धड नावही नव्हतं. कुणी गाठ म्हणायचं, कुणी व्रण, कुणी नुसतंच मोठं दुखणं. रोग लागतो, शिवल्यानं होतो, मागच्या जन्माचं पाप असतं, अशा समजुती होत्या. त्यामुळं ज्याला कॅन्सर झाला त्याचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पेशंटला काही सांगायचं नाही, ही तर रीतच होती.

अशा काळात लाखो लोक ज्यांना देवासारखं मानत होते, त्यांनाच हा आजार झाला. आजाराचं नाव लपवलं गेलं नाही. शक्य होते ते सगळे उपचार करण्यात आले. आपल्या इच्छेनं आजार नाहीसा होईल, असा दावा ज्यांनी आयुष्यभर केला नाही, त्यांच्यावर डॉक्टरी उपचार झाले आणि ते लागू पडले नाहीत. शेवटचे क्षण गुरुकुंजात गेले, आपल्या माणसांत, आपण वसवलेल्या जागेत. ११ ऑक्टोबर १९६८, दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं.

भक्तांसाठी हे पचवणं किती कठीण गेलं असेल याचा अंदाज करता येतो. पण चमत्काराविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा शेवट चमत्काराशिवायच झाला. ते ब्रह्मचारी होते, त्यामुळं मुलाकडं गादी जाण्याचा प्रश्नच नव्हता. काम सेवा मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पुढं चालवलं. महाराजांची समाधी गुरुकुंजातच आहे.

नावाचं हॉस्पिटल

यानंतरच्या काळात नागपुरात कॅन्सर रिलीफ सोसायटीनं विदर्भातल्या पेशंटसाठी हॉस्पिटल उभं केलं. त्याला नाव दिलं गेलं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. नागपूरच्या मानेवाडा रोडवर ते आहे. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातून, शेजारच्या मध्य प्रदेशातून आणि छत्तीसगडमधून पेशंट तिथं येतात. लोक त्याला साधं तुकडोजी हॉस्पिटल म्हणतात.

गाडगेबाबांचं नाव या प्रवासात दुसऱ्या टोकाला भेटतं. मुंबईत दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणारे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथं अगदी कमी पैशात राहतात. अमरावती जिल्ह्यातल्या दोन कमी शिकलेल्या माणसांची नावं आज महाराष्ट्रातल्या कॅन्सर पेशंटला नागपूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी आधार देतात.

पण हॉस्पिटल उभं राहिलं म्हणून पेशंट वेळेत पोचतो असं होत नाही. त्यासाठी गावात बोलावं लागतं. हे सिद्ध करून दाखवलं ते सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीनं.

१९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगावी जाऊन नवे पेशंट शोधायचे. जाता जाता बायकांशी बोलायचे, अंगावरून पांढरं किंवा लाल जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, ही लक्षणं अंगावर काढू नका म्हणून सांगायचे. मोठी यंत्रं नाहीत, शिबिरांचा गाजावाजा नाही. काही वर्षांनी आकडे तपासले तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे पेशंट आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात हॉस्पिटलला येऊ लागले होते. नुसत्या माहितीनं हे झालं.

पुढं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयोगटातल्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा त्यात समावेश होता. एचपीव्ही विषाणूची एक तपासणी आयुष्यात एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरात त्यांची दखल घेतली गेली.

घरी न्या म्हणतात, तेव्हा

आता सगळ्यात अवघड भाग.

प्रत्येक कॅन्सर बरा होत नाही. उशिरा आलेला तर बहुतेकदा होत नाही. एका टप्प्यावर डॉक्टर सांगतात की आता पेशंटला घरी न्या. गावातल्या घरात या वाक्याचा अर्थ लावला जातो की संपलं, आता काही करायचं नाही. मग दोन गोष्टी घडतात. काही घरं शेत गहाण टाकून पेशंटला आणखी एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये नेतात. काही घरं त्याला खाटेवर ठेवून वाट पाहतात आणि तो वेदनेनं तळमळत राहतो. दोन्हीकडं पेशंटला स्वतःला काय हवंय हे कुणी विचारलेलं नसतं. अनेकदा त्याला आजाराचं नावही सांगितलेलं नसतं.

खरं तर बरं करण्याचे उपचार थांबले, तरी उपचार संपत नाहीत. वेदना कमी करणं, श्वास लागत असेल तर आराम देणं, जखम स्वच्छ ठेवणं, झोप लागेल असं बघणं, घरच्यांना धीर देणं, हा वैद्यकाचा स्वतंत्र भाग आहे. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. महाराजांच्या निधनाच्या एकच वर्ष आधी, १९६७ मध्ये, लंडनला डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं आणि या विचाराला आधुनिक रूप मिळालं. भारतात त्यासाठी १९८६ उजाडावं लागलं. मुंबईच्या वांद्र्यात शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू झालं.

कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनची गोळी हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळं ती मिळणं फार कठीण होऊन बसलं. २०१४ मध्ये कायद्यात बदल झाला आणि वाट थोडी मोकळी झाली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य प्रमाणात घेतलेल्या मॉर्फिननं पेशंट लवकर जात नाही, त्याचे राहिलेले दिवस सुसह्य होतात, हे मात्र अजून अनेकांना माहीत नाही.

विदर्भातच याचं दुसरं गाजलेलं उदाहरण आहे. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला विनोबा भावेंना हृदयविकाराचा त्रास झाला. त्यांनी औषध, अन्न आणि पाणी घेणं थांबवलं. १५ नोव्हेंबरला ते गेले. त्यावर देशभर चर्चा झाली. तुकडोजींनी उपचार घेतले, विनोबांनी ते नाकारले. मार्ग वेगळे होते, पण विनोबांना जाण्याआधी आपली इच्छा सांगता आली आणि भोवतीच्या माणसांनी ती मानली. सामान्य पेशंटला ही मुभा कुठं असते?

कायद्यानं ती आता दिली आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असा निकाल दिला आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. म्हणजे शुद्धीवर असतानाच माणूस लिहून ठेवू शकतो की मी बरा होण्याची शक्यता उरली नाही आणि मला बोलता येईनासं झालं, तर मला नुसतं यंत्रांवर जिवंत ठेवू नका. माझ्या वतीनं कोणी बोलावं हेही त्यात लिहिता येतं. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं हे सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली तरी चालते. इंजेक्शन देऊन मरण आणण्याला मात्र भारतात परवानगी नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

कागद करणं सगळ्यांना जमेलच असं नाही. पण घरात एकदा बसून बोलणं जमू शकतं. शेवटी हॉस्पिटलमध्ये राहायचंय की घरी? किती कर्ज काढायचं आणि कुठं थांबायचं? कुणाला भेटायचं राहिलंय? हे प्रश्न पेशंटला विचारायचे, त्याच्या उशाशी बसून आपसात कुजबुजायचे नाहीत.

मेहकरच्या फाट्यावर

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचं उदाहरण घ्या. पैनगंगेच्या काठचं, शारंगधर बालाजीचं गाव. तालुक्याचं ठिकाण असल्यानं आजूबाजूच्या खेड्यांतले पेशंट आधी इथंच येतात. पूर्वी मेहकरहून मोठं हॉस्पिटल गाठणं म्हणजे एसटीत दिवस घालवणं होतं. आता समृद्धी महामार्ग मेहकरजवळूनच जातो. पूर्वेला वळलं तर तीनशे किलोमीटरच्या आसपास नागपूर, तिथं तुकडोजी महाराजांच्या नावाचं हॉस्पिटल. पश्चिमेला दीडशेच्या आसपास छत्रपती संभाजीनगर, तिथं सरकारी कॅन्सर हॉस्पिटल. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपीचा खर्च बसतो.

रस्ता झाला, हॉस्पिटल झालं, योजनाही आली. तरी तोंडातला पांढरा चट्टा महिनोन्‌महिने दातानं लागलं असेल म्हणून सोडून दिला जातो. छातीतली गाठ दुखत नाही म्हणून सांगितली जात नाही. खरं तर सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाही, हाच तिचा धोका आहे. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही, आवाज बसला तो उघडलाच नाही, गिळताना अडकायला लागलं, विनाकारण वजन उतरलं, कुठूनही रक्त गेलं, तर डॉक्टरांना दाखवायचं, एवढं जरी प्रत्येक घराला माहीत झालं तरी मेहकरहून निघणारे अनेक पेशंट बरे होण्याच्या टप्प्यात नागपूर किंवा संभाजीनगरला पोचतील.

हे सांगायला कोण येणार? आशा ताई येतात, प्राथमिक आरोग्य केंद्राचे कर्मचारी येतात. आणि विदर्भातल्या गावांत आणखी एक जागा आधीपासून तयार आहे. संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला माणसं अजूनही जमतात, ग्रामगीतेचा एखादा अध्याय वाचला जातो. चौदावा अध्याय वाचून झाल्यावर तोंडातल्या चट्ट्याबद्दल पाच मिनिटं बोललं, तर ते महाराजांना वावगं वाटलं नसतं. भजन म्हणता म्हणता नाली साफ करायला लावणारा हा माणूस होता.